'सिव्हिल वॉर'चा पहिला अंक : दोष, कायदा आणि यादवी – एक चिकित्सा

सारांश

अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने २००६–०७ या काळात 'सिव्हिल वॉर' ही सात अंकांची चित्रकथामालिका प्रसिद्ध केली. अनेक स्वतंत्र मालिकांतील सुपरहिरोंना एका कथेत आणणाऱ्या मालिकांमध्ये तिचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. प्रस्तुत लेखात या मालिकेच्या केवळ पहिल्या अंकाचा विचार केला आहे. आरंभाच्या अंकात लेखकाने कोणता प्रश्न उभा केला, तो कोणत्या साधनांनी उभा केला आणि त्या मांडणीत कोणती उणीव राहिली, याची चिकित्सा हा या लेखाचा उद्देश आहे. बाहेरचा शत्रू न आणता नायकांच्या दोषापासून कथा सुरू करणे हे या अंकाचे सामर्थ्य होय. ज्या कायद्यावरून संघर्ष पेटतो तो कायदाच वाचकासमोर न ठेवणे ही त्याची मर्यादा होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

मराठी अभ्यासविश्वात चित्रकथेकडे दीर्घकाळ बालवाङ्मयाचा एक उपप्रकार म्हणून पाहिले गेले. करमणुकीचे साधन, वाचनाची पहिली पायरी किंवा वाचनातील अडथळा, अशा तीन भूमिकांपलीकडे तिची चर्चा क्वचितच गेली. अमेरिकेतील सुपरहिरोंच्या कथांबाबत तर अभ्यासकांची उदासीनता अधिकच जाणवते. दुसरीकडे या कथांवर आधारलेले चित्रपट आजच्या विद्यार्थ्याच्या सांस्कृतिक अनुभवाचा भाग झाले आहेत. २०१६ मध्ये प्रदर्शित झालेला 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' हा चित्रपट पाहिलेला विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटेल, तो ज्या चित्रकथेवरून स्फुरला ती वाचलेला विद्यार्थी मात्र विरळाच. मूळ संहितेकडे जाणे हे वाङ्मयाच्या अध्यापकाचे पहिले कर्तव्य असेल, तर ही संहिताही त्यास अपवाद ठरू नये.

संपूर्ण मालिकेऐवजी एकाच अंकाचा विचार करण्यामागे एक कारण आहे. खंडशः प्रसिद्ध होणाऱ्या साहित्यकृतीत पहिला खंड हा वाचकाशी केलेला करार असतो. पुढे काय महत्त्वाचे मानायचे, कोणाच्या दुःखाकडे पाहायचे, कोणत्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहायची, हे तो ठरवून देतो. नाट्यशास्त्रातील 'मुख' संधीत जसे बीज पेरले जाते, तसेच ते येथे पेरले जाते. बीजातच काही न्यून राहिले असेल तर पुढील विस्ताराने ते भरून निघत नाही. 'सिव्हिल वॉर'च्या बाबतीत बीज कसदार आहे, पण त्याचा एक महत्त्वाचा अंश पेरायचाच राहून गेला आहे. यास्तव हा अंक स्वतंत्रपणे तपासणे उचित ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकाच प्रकाशनसंस्थेच्या वेगवेगळ्या मालिकांतील पात्रांना एका मोठ्या कथेत एकत्र आणण्याची प्रथा १९८०च्या दशकात स्थिर झाली. मार्व्हलची 'सीक्रेट वॉर्स' (१९८४–८५) आणि डीसी कॉमिक्सची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' (१९८५–८६) या प्रत्येकी बारा अंकांच्या मालिका या प्रकाराच्या आद्य व प्रभावी उदाहरणांत मोडतात. पहिलीत एक सर्वशक्तिमान परकी सत्ता नायकांना व खलनायकांना उचलून एका दूरच्या ग्रहावर लढावयास लावते. दुसरीत अनेक विश्वांना गिळंकृत करणारे संकट उभे राहते. दोन्हींत आपत्ती बाहेरून येते आणि तिच्यासमोर नायकांनी एकत्र येणे हे ओघाने प्राप्त होते. या प्रकारामागे व्यापारी हेतूही उघड असतो. एका मालिकेच्या वाचकाला दुसरीकडे वळविणे हे त्याचे व्यावहारिक प्रयोजन होय. 'सीक्रेट वॉर्स'चा जन्म तर मॅटेल या खेळणी बनविणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारातून झाला.

'सिव्हिल वॉर'चा पहिला अंक २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखन मार्क मिलर या स्कॉटिश लेखकाचे, रेखाटन स्टीव्ह मॅकनिव्हन या कॅनेडियन चित्रकाराचे, शाईकाम डेक्स्टर व्हाइन्स यांचे आणि रंगयोजना मॉरी हॉलोवेल यांची. अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात तो काळ सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांच्या ताणाचा होता. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'पेट्रिअट ॲक्ट' संमत झाला. नागरिकांवरील पाळत, ग्वांटानामो येथील विनाखटला कैद आणि २००४ मध्ये उघडकीस आलेले अबू घ्रैब तुरुंगातील अत्याचार यांवरून तेथील समाज दुभंगला होता. भय वाटत असताना नागरिकाने राज्यसंस्थेला किती अधिकार द्यावेत, हा प्रश्न त्या वेळी केवळ विद्यापीठीय राहिला नव्हता. 'सिव्हिल वॉर'ने तोच प्रश्न मुखवटे घातलेल्या माणसांच्या कथेत आणला.

आरंभ : करमणुकीतून आपत्ती

अंकाची सुरुवात कनेक्टिकट राज्यातील स्टॅमफर्ड या खऱ्याखुऱ्या शहरात होते. 'न्यू वॉरिअर्स' नावाचा तरुण सुपरहिरोंचा एक दुय्यम गट दूरचित्रवाणीवरील वास्तवदर्शी कार्यक्रमाचे चित्रीकरण करीत आहे. एका घरात काही फरारी खलनायक दडून बसल्याचे त्यांना समजले आहे. हे खलनायक आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत, याची कल्पना त्यांना आहे. तरीही कार्यक्रमाची लोकप्रियता वाढेल या आशेने ते चाल करतात. नाइट थ्रॅशर, स्पीडबॉल, नमोरिटा आणि मायक्रोब ही या गटातील पात्रे आहेत. झटापटीत नमोरिटा नायट्रो या खलनायकाचा पाठलाग करते आणि एका शाळेजवळ त्याला गाठते. स्वतःच्या देहाचा स्फोट घडविणे ही नायट्रोची शक्ती. तो स्फोट होतो आणि शाळेसह तो परिसर नष्ट होतो. मृतांत शाळकरी मुले आहेत. मालिकेतील पुढील उल्लेखांनुसार बळींची संख्या सहाशेच्या वर जाते.

या आरंभाचे वैशिष्ट्य असे की, येथे आपत्ती उथळपणातून येते. न्यू वॉरिअर्स दुष्ट नाहीत. ते हास्यविनोद करणारे, प्रसिद्धीला भुकेलेले, आपल्या सामर्थ्याचा खरा अंदाज नसलेले तरुण आहेत. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाची ही कल्पना मिलर यांची नव्हे. २००५ मध्ये आलेल्या 'न्यू वॉरिअर्स' याच नावाच्या लघुमालिकेतून ती घेतलेली आहे. तेथे ती विनोदाचा विषय होती. मिलर यांनी त्याच विनोदाचा परिणाम शोकात करून दाखविला. नायकत्व हे सेवेऐवजी प्रदर्शन झाले तर काय होते, हा प्रश्न पहिल्या काही पानांतच वाचकासमोर उभा राहतो. सुपरहिरोंच्या कथेत लढाई हा रंजनाचा गाभा असतो. येथे त्याच रंजनाकडे बोट दाखविले आहे. लढाई पाहण्याची हौस कॅमेऱ्यामागच्या मंडळींना जितकी आहे तितकीच अंक हाती घेणाऱ्या वाचकालाही आहे. स्फोटाचे पान उलटताना त्या हौसेचा थोडा तरी हिशेब वाचकाला द्यावा लागतो.

शोक आणि दोषारोप

स्फोटानंतरच्या पानांवर कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन आणि इतर अनेक सुपरहिरो ढिगाऱ्यात जिवंत माणसांचा शोध घेताना दिसतात. एरवी अशा मालिकेत सर्व नायक प्रथमच एकत्र दिसण्याचा प्रसंग हा जल्लोषाचा असतो. येथे ते एकत्र येतात ते मदतकार्यासाठी, धुळीने माखलेल्या अवस्थेत. लढण्यासाठी समोर कोणीच नाही. या रूढ प्रसंगाला दिलेली कलाटणी अंकातील सर्वांत परिणामकारक गोष्टींपैकी एक आहे.

यानंतर मृतांच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेचा प्रसंग येतो. आपला मुलगा गमावलेली मिरिअम शार्प ही माता टोनी स्टार्क म्हणजेच आयर्न मॅन याला सर्वांसमक्ष जाब विचारते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. सामर्थ्य अंगी असले की कोणत्याही प्रशिक्षणावाचून, कोणत्याही जबाबदारीवाचून वाटेल ते करता येते, हा समज तरुणांत पसरविण्यात स्टार्कसारख्यांचा वाटा आहे, असा तिच्या आरोपाचा आशय आहे. ज्याने स्फोट घडविला नाही, जो स्फोटाच्या वेळी तेथे नव्हता, त्याला दोषी धरणे कायद्याच्या दृष्टीने टिकणारे नाही. पण नैतिक दृष्टीने तो आरोप निराधार म्हणता येत नाही. अपराध आणि जबाबदारी यांतील हा भेद मिलर यांनी व्याख्यानाशिवाय, केवळ एका मातेच्या कृतीतून स्पष्ट केला आहे. पुढे कायद्याचा पुरस्कार करताना स्टार्क जे जे करतो, त्याचे बीज या क्षणी पडलेले आहे. त्याची भूमिका तर्कातून जन्मत नाही. ती लाजेतून जन्मते. या एका प्रसंगामुळे हे पात्र शासनाच्या प्रतिनिधीपुरते मर्यादित राहत नाही.

तथापि याच ठिकाणी एक प्रश्न उपस्थित होतो. स्फोट घडविणारा नायट्रो हा या अंकाच्या चिंतेचा विषय होत नाही. लोकांचा रोष नायकांवर वळतो आणि खुन्याचा शोध कथेच्या मध्यभागातून नाहीसा होतो. तो शोध पुढे 'वुल्व्हरिन' या वेगळ्या मालिकेच्या अंकांकडे सोपविलेला आहे. क्रोधित समाज प्रत्यक्ष अपराध्यापेक्षा हाती लागणाऱ्या जबाबदार व्यक्तीवर राग काढतो, हे मानसशास्त्रीय निरीक्षण म्हणून यथार्थ आहे. जॉनी स्टॉर्म या तरुण नायकाला एका नाइटक्लबबाहेर जमाव बेदम मारहाण करतो, तो प्रसंग याच निरीक्षणाचा विस्तार होय. मात्र समाजाचे हे विस्मरण आणि कथेचे विस्मरण यांत अंतर राखलेले दिसत नाही. समाज नायट्रोला विसरला, हे दाखविणे वेगळे. कथेनेच त्याला बाजूला ठेवणे वेगळे. पहिल्या अंकात या दोहोंची गल्लत झाली आहे.

न दिसणारा कायदा

स्टॅमफर्डच्या घटनेनंतर अतिमानवी शक्ती असणाऱ्या व्यक्तींची नोंदणी सक्तीची करणाऱ्या कायद्याची मागणी बळावते. बॅक्स्टर बिल्डिंग या फँटॅस्टिक फोर गटाच्या निवासस्थानी जमलेले नायक या प्रस्तावावर चर्चा करतात. नोंदणी, प्रशिक्षण आणि शासकीय देखरेख हे प्रस्तावाचे ढोबळ स्वरूप संवादांतून कळते. काहींना पोलीस अथवा अग्निशामक दलाप्रमाणे नायकांनीही उत्तरदायी असावे असे वाटते. स्पायडर-मॅनला भय आहे ते कुटुंबाचे. आपली ओळख उघड झाली तर एके दिवशी शत्रू घरात शिरून पत्नीचा आणि ज्या स्त्रीने आपल्याला वाढविले तिचा जीव घेईल, ही त्याची भीती आहे. फँटॅस्टिक फोर गटाची ओळख पहिल्यापासून सर्वज्ञात असल्यामुळे त्या गटाला हा प्रश्न तितका गंभीर वाटत नाही. एकच कायदा दोन व्यक्तींच्या जीवनाला किती वेगळा स्पर्श करतो, हे या छोट्या संवादातून नेमके व्यक्त झाले आहे.

एवढे असूनही मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो : हा कायदा नेमका काय सांगतो? नोंदणी म्हणजे शासनाच्या दप्तरी नाव असणे, की जगासमोर मुखवटा काढणे? ज्याला शक्ती आहे पण तिचा वापर करावयाचा नाही, त्यालाही नोंदणी सक्तीची आहे काय? नोंदणी केलेल्याला शासनाची आज्ञा नाकारता येईल काय? नकार देणाऱ्यास न्यायालयात दाद मागता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे पहिला अंक देत नाही. परिणामी वाचकाला पक्ष घेण्याचे आवाहन केले जाते, पण कशाच्या बाजूने आणि कशाच्या विरोधात, हे त्याला कळत नाही.

ही उणीव तांत्रिक नाही. मार्व्हलच्या कथाविश्वात नोंदणीचा प्रश्न २००६ मध्ये प्रथम आलेला नव्हता. 'एक्स-मेन' मालिकेत १९८०च्या दशकातच म्युटंट म्हणजे जन्मतः वेगळ्या असणाऱ्या व्यक्तींच्या नोंदणीचा विषय आला होता आणि तेथे तो वंशद्वेषाचे रूपक म्हणून वापरला गेला. जन्मामुळे नोंदणी आणि व्यवसायामुळे परवाना या दोन गोष्टींमध्ये राज्यशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. डॉक्टराने परवाना घ्यावा, ही अपेक्षा रास्त होय. एखाद्या समूहात जन्मला म्हणून माणसाने पोलिसांकडे नाव नोंदवावे, ही अपेक्षा अन्याय्य होय. 'सिव्हिल वॉर'मधील कायदा या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, यावर संपूर्ण नैतिक निवाडा अवलंबून आहे. लेखकाने तोच मुद्दा धूसर ठेवला. याचे फलित पुढे दिसून आले. एकाच घटनेवर लिहिणाऱ्या वेगवेगळ्या लेखकांनी आपापल्या पूरक अंकांत कायद्याचा अर्थ वेगवेगळा लावला; कोठे तो साधी नोंदणी ठरला, तर कोठे सक्तीची भरती.

या संदर्भात २०१६च्या चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. चित्रपटात कायद्याची जागा संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या 'सोकोव्हिया करारा'ने घेतली आहे. त्या कराराचा जाडजूड ग्रंथ मेजावर ठेवला जातो, पात्रे तो चाळतात, त्यावर बोलतात. त्यातील कलमे प्रेक्षकाला फारशी कळत नाहीत, हे खरे. पण दस्तऐवज नावाची वस्तू तेथे निदान आहे. चित्रकथेच्या पहिल्या अंकात तीही नाही.

हेलिकॅरिअरवरील प्रसंग : संमत न झालेल्या कायद्याची अंमलबजावणी

अंकाच्या उत्तरार्धातील मध्यवर्ती प्रसंग 'शील्ड' या सुरक्षासंस्थेच्या हवेत तरंगणाऱ्या तळावर घडतो. संस्थेची प्रमुख मारिया हिल ही कॅप्टन अमेरिकाला कायदा न मानणाऱ्या नायकांना पकडण्याच्या कामी सहकार्य करण्यास सांगते. तो नकार देतो. नायकांनी राजकारणाच्या वर राहिले पाहिजे, अन्यथा शत्रू कोण हे राजधानीतून ठरविले जाईल, असा त्याच्या उत्तराचा मथितार्थ आहे. हिलच्या दृष्टीने मुखवटा घालून कायदा मोडणारा तो खलनायकच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. लोकनियुक्त सभागृहाने केलेला कायदा आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी यांतील हा सनातन वाद येथे मोजक्या वाक्यांत मांडला गेला आहे.

परंतु वाद रंगात येतो न येतो तोच हिलचे सशस्त्र पथक कॅप्टन अमेरिकावर शस्त्रे रोखते. तो प्रतिकार करतो, तळावरून खाली झेप घेतो, एका लढाऊ विमानावर उतरतो आणि निसटतो. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या क्षणी कायदा अद्याप संमत झालेला नाही. म्हणजेच जो गुन्हा अस्तित्वातच नाही त्यासाठी एका नागरिकाला बळाने अडविले जात आहे. कायद्याच्या राज्याचे हे ढळढळीत उल्लंघन आहे आणि ते कायद्याची बाजू घेणाऱ्यांकडून घडते. अंकातील हा सर्वांत तीक्ष्ण राजकीय मुद्दा ठरू शकला असता. भयग्रस्त काळात यंत्रणा कायद्याची वाट पाहत नाही, हे २००६च्या वाचकाला सांगणे आवश्यकच होते. मात्र कथा या विसंगतीवर क्षणभरही थांबत नाही. पुढील चर्चेत हिलच्या कृतीबद्दल कोणी तिला जाब विचारत नाही. चर्चा होते ती कॅप्टन अमेरिका भूमिगत झाल्याची. अखेरच्या प्रसंगात व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांसमोर टोनी स्टार्क, रीड रिचर्ड्स व हँक पिम उभे असतात आणि कॅप्टन अमेरिकाचा प्रश्न आपल्यावर सोपविण्याचे आश्वासन स्टार्क देतो.

कॅप्टन अमेरिकाचा नकार अनेकांना धक्कादायक वाटला. परंपरेच्या दृष्टीने तो तसा नाही. जो सायमन व जॅक कर्बी यांनी निर्माण केलेले हे पात्र मार्च १९४१ असा दिनांक असलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारताना दिसते. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरलेली नव्हती. वॉटरगेट प्रकरणाच्या छायेत १९७४ मध्ये आलेल्या कथेत त्याने आपले नाव व गणवेश त्यागला. १९८७ मध्ये शासकीय समितीच्या आज्ञेखाली काम करण्यापेक्षा त्याने पुन्हा गणवेश उतरविणे पसंत केले. ध्वजाचे रंग अंगावर वागविणारा हा नायक शासनाशी नव्हे, तर देशाच्या तत्त्वाशी बांधील आहे, ही त्याची घडण जुनी आहे. तथापि पूर्वीच्या दोन्ही प्रसंगांत त्याने पदत्याग केला होता; येथे तो शस्त्र उचलतो. पदत्यागाचा मार्ग त्याला का उरला नाही, याचे उत्तर एकच : समोरच्यांनी बंदुका रोखल्या. अशा रीतीने नैतिक निर्णयाची जागा आत्मसंरक्षणाने घेतली. पात्राला निवड करावी लागण्यापूर्वीच लेखकाने त्याच्या वतीने निवड उरकून टाकली, असे म्हणावे लागते.

चित्रभाषा

मॅकनिव्हन यांच्या चित्रशैलीचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. पानाच्या रुंदीभर पसरलेल्या आडव्या चौकटी, चेहऱ्यांवरील सूक्ष्म भाव आणि वास्तवाशी जवळीक साधणारी शरीररचना ही तिची लक्षणे होत. हॉलोवेल यांची रंगयोजना सुपरहिरोंच्या भडक गणवेशांना संयत करते. यामुळे स्टॅमफर्डचा ढिगारा वृत्तपत्रातील छायाचित्रासारखा भासतो. २००१ मध्ये न्यूयॉर्कमधील कोसळलेल्या मनोऱ्यांची दृश्ये पाहिलेल्या वाचकाला धूळ, ढिगारा व मदतकार्य यांचा संदर्भ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

प्रार्थनासभेतील प्रसंग या शैलीचा उत्तम नमुना आहे. तेथे हालचाल अल्प आहे. नजरा आणि चेहरे बोलतात. याउलट विमानावरील झेपेचा प्रसंग भव्य, वेगवान आणि निखळ रंजक आहे. स्वतंत्रपणे पाहता तो कौशल्याने रेखाटलेला आहे. परंतु ज्या अंकाने लढाईच्या हौसेवर पहिल्या पानांत आक्षेप घेतला, तोच अंक शेवटाकडे तीच हौस पुरविताना दिसतो. वाचक कॅप्टन अमेरिकाच्या बाजूला झुकतो तो त्याच्या युक्तिवादामुळे की त्याच्या झेपेमुळे, हे सांगणे अवघड होते. चित्राने युक्तिवादावर मात केल्याचे हे उदाहरण होय.

यादवी : एक मराठी शब्द, एक जुनी कथा

'सिव्हिल वॉर' या नावासाठी मराठीत 'गृहयुद्ध' आणि 'यादवी' असे दोन शब्द आहेत. पहिला शब्द राज्यशास्त्राचा, दुसरा महाभारताच्या मौसलपर्वातून आलेला. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून नष्ट झाले, ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. तिचा आरंभ मात्र सहसा विस्मरणात जातो. सांबाला गर्भवती स्त्रीचा वेश देऊन यादवांच्या तरुणांनी ऋषींची थट्टा केली, तेथून त्या विनाशाला सुरुवात झाली. सामर्थ्यवान कुळातील तरुणांचा एक उथळ खेळ आणि त्यातून कुळाचा अंत, ही रचना स्टॅमफर्डच्या प्रसंगाशी आश्चर्यकारक साम्य राखते. हे साम्य प्रभावाचे नव्हे. बलाढ्यांचा नाश बाहेरून होत नाही, हा अनुभव दोन्ही संस्कृतींत कथारूप घेतो, एवढेच त्यावरून म्हणता येईल. बॅक्स्टर बिल्डिंगमधील चर्चेच्या वेळी 'वॉचर' हा केवळ पाहणारा वैश्विक साक्षी उपस्थित होतो; त्याच्या येण्याने घडणाऱ्या घटनेची अटळता सूचित होते.

नेमका येथेच भेद महत्त्वाचा ठरतो. मौसलपर्वात शाप आहे, काळ आहे. त्यामुळे तेथील अटळता कथेच्या तत्त्वज्ञानाशी सुसंगत आहे. 'सिव्हिल वॉर'मध्ये शाप नाही, कायदा आहे. कायदा माणसे करतात, तो बदलता येतो, त्यावर चर्चा करता येते. अशा कथेत साक्षीच्या आगमनाने अटळतेचा आभास निर्माण करणे म्हणजे पात्रांच्या जबाबदारीवर पडदा टाकणे होय. संघर्ष टाळता आला असता, ही जाणीव जितकी तीव्र तितकी शोकांतिका गहिरी. हा अंक ती जाणीव पुरेशी जागी ठेवत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, 'सिव्हिल वॉर'च्या पहिल्या अंकाने आपल्या प्रकारातील रूढ चौकट मोडली. बाहेरच्या शत्रूऐवजी आतला दोष आणि विजयाऐवजी शोक हे आरंभबिंदू मानून त्याने सुपरहिरोच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. दुसरा असा की, मिरिअम शार्पच्या रूपाने सामान्य नागरिकाचा आवाज या अंकाने केंद्रस्थानी आणला. मालिकेच्या सातव्या अंकात कॅप्टन अमेरिका विजयाच्या जवळ असताना सामान्य नागरिकच त्याला अडवितात आणि झालेला विध्वंस पाहून तो शरण जातो. शार्पच्या कृतीला हे उत्तर सहा अंकांनंतर मिळते, यावरून पहिल्या अंकातील बीजाची शक्ती सिद्ध होते.

तिसरा निष्कर्ष मर्यादेचा आहे. कायद्याच्या संहितेचा अभाव, संमतीपूर्वीच झालेला बळाचा वापर आणि त्यावरचे मौन यांमुळे विचारांचा संघर्ष लवकरच बाहुबळाचा संघर्ष झाला. वाचकाला पक्ष निवडावयास सांगणे ही विक्रीची युक्ती म्हणून यशस्वी ठरली. विचार करावयास सांगणे हे त्याहून कठीण काम अर्धवट राहिले. ही उणीव केवळ एका चित्रकथेची नाही. भयाच्या काळात खऱ्या समाजातही कायद्याचा मसुदा वाचला जाण्यापूर्वीच त्याचे समर्थक आणि विरोधक ठरून गेलेले असतात. वर्गात हा अंक वाचावयास दिला आणि विद्यार्थ्यांस केवळ एवढेच विचारले की या कायद्यात काय लिहिले असावे, तर त्यांना उत्तर सापडणार नाही. उत्तर न सापडताही आपण एका बाजूने उभे राहिलो होतो, हे त्यांच्या ध्यानात आले, तर या अंकाच्या वाचनाचे प्रयोजन साध्य होईल.